अर्धी पोळी आधी, अर्धी आग्रहाची

बाळा,

परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही, कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, आजी मागून काहीतरी सांगत होती, आणि खरं सांगू का, तुझं शेवटचं वाक्य ऐकून मला पुढे बोलवेचना. तू म्हणालास, आई, डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय, मी इकडे जिमला जातोय, डायनिंग हॉलमध्ये बघून खातोय, आणि घरी आलो की आजी वाढतच राहते, नको म्हटलं तर तिचा चेहरा पडतो, पानात टाकलं तर तू रागावतेस, मग मराठी घरात वजन कमी करणाऱ्या माणसाने सणाला करायचं तरी काय? त्यापेक्षा या दिवाळीला मी येतच नाही.

म्हणून आज निवांत बसून लिहितेय. आधी आजीचं सांगते, कारण ते तुला कधी कुणी सांगितलेलंच नाही.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा आजी 22 वर्षांची होती, नुकतंच लग्न होऊन सिन्नरकडे आलेली. विहिरी आटल्या, पीक गेलं, लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि तिथे त्यांना सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचं कोरडं खाणं, मिळायची. रेशनवर मिलो मिळायची, लाल ज्वारी, आणि ती कुठून यायची माहितीय? अमेरिकेतून. आज आपण जिथे राहतो, तू जिथे शिकतोयस, त्याच देशातून. आजी सांगते त्या भाकरीला चव म्हणून नसायची पण कोपऱ्यातला तुकडासुद्धा कुणी टाकला नाही. तेव्हा तिच्या हातची पोळी तुझ्या पानात अर्धी पडून राहिली की तिला तुझं डाएट दिसत नाही, तिला ते वर्ष दिसतं. आणि तुझ्या पानात ती परत परत वाढते ते पण तिथूनच आलंय. ज्या माणसाने भूक बघितलीय त्याला समोरच्याचं पोट भरल्याची खात्री एकदा विचारून होत नाही.

आता तू म्हणशील मग मी पोट भरल्यावरही खात राहायचं का. नाही, अजिबात नाही. पानात टाकू नये याचा अर्थ आपण उलटा करून ठेवलाय, आणि यात माझीच चूक आहे, लहानपणी मी तुला "संपव, संपव" म्हणत बसवून ठेवायचे, तू तिसरीत असताना एकदा श्रीखंडाची वाटी संपवताना तुला उलटी झाली होती, ते मी विसरलेली नाही. टाकू नये याचा खरा अर्थ घेतानाच विचार करून घ्यावं. माझे आजोबा पंगतीत बसले की वाढप्याला आधीच बोटाने दाखवायचे, एवढंच. लागलं तर परत मागायचे. त्यांचं पान जेवण झाल्यावर धुतल्यासारखं असायचं आणि त्यांचं पोट कधी सुटलं नाही. पोटभर आणि गळ्यापर्यंत यात फरक असतो, तो त्यांना कळायचा, मला चाळिशीनंतर कळायला लागला, गेल्या वर्षी माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी, 6.1 आलं तेव्हा. डॉक्टर म्हणाले ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी आहे. तेव्हापासून अकरा महिन्यांत 14 पाउंड कमी केलेत, आणि त्यात गणपती पण झाले, दसरा पण झाला, मोदक पण खाल्ले. म्हणून तुला सांगायचा थोडा हक्क आहे मला.

आग्रहाचं कसं करायचं ते सांगते. आपल्याकडे नको म्हणायची खूण म्हणजे पानावर हात आडवा धरणे. पण आग्रह करणाऱ्याला पहिला हात खरा वाटत नाही, त्याला वाटतं हा लाजतोय. आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणणं हा रीतीचाच भाग होता, दुसऱ्यांदा नको म्हटलं तरी वाढायचे, तिसऱ्यांदा मात्र सोडायचे. तू एकदा "नो थँक्स" म्हणतोस आणि तुझ्यासाठी विषय संपतो, आजीसाठी तो तेव्हा सुरू होतो. तुमच्या दोघांच्या मोजणीत फरक आहे, मनात काही नाही.

मग मी काय करते, तर पुरणपोळी असेल त्या दिवशी सुरुवातीला अर्धीच घेते. मुद्दाम. कारण मला माहितीय दुसरी अर्धी आग्रहाची येणारच आहे. ती आली की हसून घेते, वर चमचाभर तूप सोडून घेते, आणि मग हात आडवा धरते तो खरा. एक पोळी पोटात गेली, आजीला वाढल्याचं समाधान, पान स्वच्छ. पूर्ण पोळीने सुरुवात केली की आग्रहाची दुसरी येते आणि मग आपण चिडतो. आणि आजीला नुसतं नको म्हणू नकोस, तिला सांग की उद्या सकाळी चहाबरोबर तुझ्या हातची चकली खाणार आहे, आत्ता जागा नाही. उद्याचं मागितलं की तिला बरं वाटतं. खरंच मागायचं मात्र, फसवायला नाही.

दुसरी गोष्ट ताटाची. तुला आठवतंय का मी तुला नैवेद्याचं पान वाढायला शिकवलं होतं, वर मध्ये मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आमटी, मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. तुला वाटायचं हा नुसता डेकोरेशनचा प्रकार आहे. पण नीट बघ, मूद केवढी असते, वाटीने पाडलेली, छोटीशी. आणि गोड शेवटी वेगळं डेझर्ट म्हणून येत नाही, ते ताटातच असतं, कटाच्या आमटीच्या आणि कोशिंबिरीच्या शेजारी, म्हणजे गोडाचा एक घास आणि मग तिखटाचा, त्यामुळे गोड तसं कमीच जातं. बिघडलं कुठे, तर इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बुफे असतो, पेपर प्लेटमध्ये डावं उजवं काही राहत नाही, पुलावाचा डोंगर होतो आणि कोशिंबीर संपलेली असते. तू घरी ये, मी तुला पान वाढते, कोशिंबीर दुप्पट आणि मूद एक. आणि सुरुवात कोशिंबीर, भाजी, आमटीने कर, भात पोळी नंतर, त्याने जेवणानंतरची शुगर कमी चढते, हे माझ्या मीटरवर मी स्वतः बघितलंय. शिवाय सावकाश जेव, पोट भरल्याचं डोक्याला कळायला वीसेक मिनिटं लागतात आणि तू सात मिनिटांत उठतोस.

आता फराळ. खरा गोंधळ फराळातच होतो, जेवणात नाही.

मागच्या रविवारी बेसनाचे लाडू केले, आणि या वेळी पहिल्यांदा सगळं काट्यावर मोजलं. 500 ग्रॅम बेसन, 300 ग्रॅम तूप, 400 ग्रॅम पिठीसाखर. बेसन मंद गॅसवर पाऊण तास भाजलं, आधी ते कढईला चिकटून जड जड वाटतं, हात भरून येतो, आणि मग अचानक हलकं होतं, तूप सुटायला लागतं, घरभर वास पसरतो, तेव्हा बंद करायचं. आजी दरवेळी एवढ्या मिश्रणाचे तीस लाडू वळते. तीस म्हणजे एकेका लाडवात 10 ग्रॅम तूप, दोन छोटे चमचे, आणि 13 ग्रॅम साखर, सगळं मिळून साधारण 200 कॅलरी. मी तिला म्हटलं या वेळी साठ वळू. आधी तिला पटेना, म्हणाली एवढासा लाडू कुणाच्या हातावर कसा ठेवायचा. मग वळायला बसली, आणि तिच्याच लक्षात आलं की छोटा लाडू एका घासात संपतो आणि बेदाणा प्रत्येकात येतो. आता एक लाडू 100 कॅलरी. साखर कमी केली नाही, तूप कमी केलं नाही, चव तीच, फक्त आकार निम्मा. साखरेऐवजी भलतंच काही घालून केलेले "हेल्दी" लाडू मला पटत नाहीत, त्याने समाधान होत नाही आणि माणूस चार खातो.

आणि फराळ कसा खायचा तर बशीत वाढून घेऊन, बसून. आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान व्हायचं, मग सगळे एकत्र बसायचे आणि प्रत्येकाला बशीत एक लाडू, एक करंजी, दोन चकल्या, मूठभर चिवडा. डबे वर फडताळात असायचे, मुलांचा हात पोचणार नाही इतके वर. शिवाय अर्धा फराळ शेजारीपाजारी जायचा, त्यांची ताटं आपल्याकडे यायची. आता डबा किचन काउंटरवर उघडा असतो आणि येता जाता एक शंकरपाळी, फोनवर बोलताना चार, रात्री अभ्यास करताना चिवडा थेट डब्यातून, आणि कितीही खाल्लं तरी खाल्ल्यासारखं वाटत नाही कारण लक्षच नसतं. तुझं वजन पुरणपोळीने वाढलेलं नाही रे, मला वाटतं मीच मागच्या वर्षी तुला दोन मोठे डबे भरून दिले होते आणि तू ते तुझ्या रूममध्ये एकटा बसून संपवलेस, परीक्षेच्या दिवसांत. या वेळी एकच छोटा डबा देईन, आणि चिवडा भाजक्या पोह्यांचा.

इकडे अजून एक प्रॉब्लेम आहे जो तिकडे नसतो. भारतात वसुबारसपासून भाऊबीजेपर्यंत पाच-सहा दिवस, संपली दिवाळी. इकडे सगळ्यांना शनिवारच हवा, त्यामुळे एकाची पार्टी या शनिवारी, दुसऱ्याची पुढच्या, मग मंडळाची, मग ऑफिसची, आणि ते संपेपर्यंत थँक्सगिव्हिंग आणि मग ख्रिसमस. दिवाळी दोन महिने ताणली जाते. मी यंदा ठरवलंय की सणासारखं जेवण आपल्या घरी एक आणि मंडळात एक. बाकी ठिकाणी जायचं, भेटायचं, गप्पा मारायच्या, पण रोजच्यासारखं जेवायचं. तू पण तुझे दोन दिवस ठरव, आणि त्या दोन दिवशी मनापासून खा, ॲपमध्ये कॅलरी टाकत बसू नकोस त्या दिवशी, आजी समोर बसलेली असते.

दुसऱ्या दिवशी काट्यावर उभा राहू नकोस. तीन पाउंड वाढलेले दिसतील आणि तू घाबरशील. एक पाउंड चरबी व्हायला ढोबळमानाने 3500 कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे तीन पाउंडला दहा हजारांच्या वर, एवढं एका जेवणात कुणी खात नाही. ते वाढलेलं असतं ते मिठाने आणि गोडधोडाने अंगात धरून ठेवलेलं पाणी, दोन-चार दिवसांत उतरतं. आणि त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी पण राहू नकोस. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच नाही आली, सकाळभर उपाशी राहिलेला माणूस संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं समोर ओढतो. दुसऱ्या दिवशी नेहमीचं वरण, भाजी, पोळी, नेहमीच्या वेळेला.

जेवणानंतर मात्र शतपावली. शंभर पावलांवर थांबायचं नाही, बाबाबरोबर कोपऱ्यावरच्या पार्कला एक चक्कर मार, पंधरा मिनिटांची. त्याला पण गरज आहे, आपल्या लोकांची चरबी पोटाभोवतीच आधी साठते, म्हणून तर भारतीयांसाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची, जास्त वजनाची रेषा 25 ऐवजी 23 वर धरतात आणि पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आत हवी म्हणतात. तुझ्या डॉक्टरांनी वयाच्या 19 व्या वर्षीच सांगितलं ते बरंच झालं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आजीशी मी बोलले. तुझं वजन, शुगरची घरातली हिस्टरी, सगळं तिला समजावून सांगितलं. गप्प ऐकत होती. मग म्हणाली, मला आधी का नाही सांगितलंत, मी काय त्याची वैरीण आहे? रात्री बघते तर तिने फ्रीजवर कागद लावलाय, तिच्या त्या तिरक्या अक्षरात, की शनिवारी काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, वाटली डाळ, अळूचं फदफदं, आणि पुरणाच्या पोळ्या "पुरीएवढ्या". खाली तुझं नाव लिहून पुढे लिहिलंय, याला आधी विचारून वाढणे.

शुक्रवारी संध्याकाळच्या बसचं तिकीट काढ आणि मला टाइम कळव, मी घ्यायला येते.

आई