'शिकागो डिफेंडर' या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाला एवढं महत्त्व का देतात?

कारण या साप्ताहिकाने लोकांना गाव सोडून नव्या आयुष्याकडे निघायचं बळ दिलं. त्याचे संस्थापक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी कायद्याची पदवी घेतली होती, पण वर्णामुळे त्यांना वकिली करू दिली गेली नाही. 1905 मध्ये त्यांनी अवघ्या 25 सेंटच्या भांडवलावर, घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अंक जुळवला आणि 300 प्रती छापल्या.

मला सगळ्यात भिडते ती त्याच्या वितरणाची गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिण भागात हा अंक उघडपणे विकणं धोक्याचं होतं. मग पुलमन कंपनीच्या शयनयान रेल्वेडब्यांत प्रवाशांची सेवा करणारे कृष्णवर्णीय पोर्टर गठ्ठे लपवून न्यायचे. न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. एकच प्रत कितीतरी हातांतून फिरायची. लिंचिंगच्या (जमावाने केलेल्या हत्यांच्या) बातम्या, उत्तरेतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती, गाड्यांच्या वेळा, सगळं त्यात असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडे गेले, त्यात या पत्राचा वाटा मोठा आहे.

1956 मध्ये ते दैनिक झालं, पुढे पुन्हा साप्ताहिक. 2019 मध्ये छापील अंक थांबला. आता ते फक्त ऑनलाइन निघतं.