म्हाळुंगे की कोथरूड?

प्रश्न : ताई, आम्ही लीड्सहून कायमचे पुण्याला परत येतोय. मुलगा सहा वर्षांचा आहे, मुलगी अडीच. नवऱ्याला हिंजवडी फेज 2 मध्ये नोकरी मिळालीय, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात जावं लागेल. मी माझी इंग्लंडचीच नोकरी घरून करणार आहे. सासू-सासरे सदाशिव पेठेत राहतात, पण त्यांची जागा दोन खोल्यांची. मित्रमंडळी म्हणतात बाणेर, म्हाळुंगे नाहीतर वाकड बघा, सगळे परत आलेले तिकडेच राहतात. म्हाळुंग्याला एका नव्या प्रकल्पातला फ्लॅट आवडलाय, पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस सगळं आहे, आणि बिल्डर महिनाअखेरीपर्यंत टोकन मागतोय. सासूबाईंचा मात्र कोथरूडचा आग्रह आहे. तिथल्या इमारती जुन्या, पार्किंगची अडचण. काय करावं?
– एक वाचक, लीड्स

उत्तर : तुमच्या पत्रात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे, ती म्हणजे तुमची नोकरी. तिथले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. म्हणजे शाळेची बस मुलाला गेटवर सोडेल, साधारण त्याच वेळी तुम्ही खोलीचं दार लावून मीटिंगला बसणार आणि रात्री नऊ-दहाला बाहेर येणार. नवरा तीन दिवस हिंजवडीत. मग दुपारी तीन ते रात्री आठ या वेळात दोन्ही मुलांजवळ कोण असेल? उपनगर निवडताना हाच प्रश्न आधी सोडवा. ऑफिसचं अंतर, क्लब हाऊस, पार्किंग हे त्यानंतर.

माझी सगळी नोकरी बालवाडीत गेली. परदेशातून आलेली मुलं दर वर्षी वर्गात असायची. ऑस्ट्रेलियातून आलेला एक मुलगा दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडत नव्हता. आम्ही काळजीत होतो. त्याची आजी म्हणाली, अहो, खालच्या मजल्यावरच्या मुलीशी हा रोज मराठीतून भांडतो. मूल रुळतं ते असं, संध्याकाळच्या वेळी, जिन्यात आणि अंगणात, ओळखीचं मोठं माणूस जवळपास असताना. दिवसभराच्या बाईंवर सगळं सोपवून ते होत नाही असं मी म्हणणार नाही, चांगल्या बाई मिळालेली घरं मी पाहिली आहेत. पण नव्या गावात पहिल्याच महिन्यात तशा बाई मिळतील, यावर घराचा निर्णय बेतू नका.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते : कोथरूडला, आयडियल कॉलनी किंवा आनंदनगर मेट्रो स्टेशनच्या चालत्या अंतरावर, भाड्याने राहा. निदान एक वर्ष. मेट्रोवर माझा भर आहे तो सासू-सासऱ्यांसाठी. मार्च 2022 मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा सुरू झाला, पुढच्या वर्षी तो डेक्कनवरून पुढे गेला. आता पेठेतला म्हातारा माणूस डेक्कनला लिफ्टने वर जातो, बसतो आणि थोड्या वेळात आयडियल कॉलनीत उतरतो. कर्वे रस्त्याच्या गर्दीतून बसला लोंबकळायला नको. म्हाळुंग्याला तेच आजी-आजोबा रविवारचे पाहुणे होतील. येतील, जेवतील, अंधार पडायच्या आत परत निघतील.

नवऱ्याला याची किंमत मोजावी लागेल, हे लपवण्यात अर्थ नाही. चांदणी चौक, महामार्ग, वाकडचा पूल असं जाता-येता दोन तास सहज जातील, पावसाळ्यात जास्तच. कंपनीची बस कोथरूडहून सुटते का आणि किती वाजता, हे त्यांनी आत्ताच विचारून घ्यावं. पण ते तीन दिवस आहेत. मुलांची संध्याकाळ रोजची आहे.

आता पाण्याबद्दल, कारण अडीच वर्षांचं मूल घरात आहे. तिथे असताना नळाचं पाणी कुठून येतं हा विचार तुम्ही केला नसेल, इथे तो करावाच लागतो. म्हाळुंगे, सूस, वाघोली, किरकटवाडी ही पुण्याच्या हद्दीत 2021 च्या जूनअखेर आलेल्या 23 गावांपैकी. इमारती आधी उभ्या राहिल्या, जलवाहिन्या मागून येत आहेत, तोवर टँकर. वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं, तिथे पवना धरणाचं पाणी आणि नोव्हेंबर 2019 पासून महापालिकेचा पुरवठा दिवसाआड. जानेवारी 2025 मध्ये किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन बारी सिंड्रोम, हातापायांतली ताकद घालवणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण आढळले आणि संशय पाण्यावर गेला, तेव्हा आया पाणी उकळून, गाळून मुलांना देत होत्या. भीती घालायला हे सांगत नाही. पण जिथे घर बघाल तिथे, अगदी कोथरूडलाही, सेक्रेटरींकडे मागच्या एप्रिल-मेमधली टँकरची बिलं मागा. देखभाल खर्चात टँकरचा वाटा किती, ते कळेल. तेवढ्यावर न थांबता वॉचमनला विचारा आणि धुणी-भांडी करणाऱ्या मावशींना विचारा, त्यांना पाण्याची वेळ नेमकी ठाऊक असते. नदीजवळची इमारत असेल तर ती निळ्या आणि लाल पूररेषेच्या (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या सरकारी रेषा) कुठल्या बाजूला आहे तेही पाहा. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं.

कोथरूडच्या इमारती जुन्या आहेत हे तुमचं म्हणणं खरं. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर जाऊ नका, सासूबाईंना चढायचं आहे. शिवाय अनेक सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. भाड्याचं घर ठरवताना सोसायटीत ती बोलणी कुठवर आली आहेत ते विचारा, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा बिऱ्हाड हलवावं लागेल आणि मुलाला दुसऱ्यांदा मैत्र तोडावं लागेल. करारनामा अकरा महिन्यांचा, नोंदणीकृत करा.

शाळा घराआधी ठरवा. महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. तिकडे पाचव्या वर्षीच पहिलीचं वर्ष सुरू होतं, त्यामुळे शाळेने मुलाला एक इयत्ता मागे बसवायचं म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. 2020 च्या कायद्याने इथे सगळ्याच शाळांत मराठी सक्तीची आहे. तो घरी मराठी बोलत असेल, पण देवनागरी लिहायला त्याला वेळ लागेल, आणि ते वर्ष मागे बसल्याने सोपं जाईल. मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा : बस पहिल्या मुलाला किती वाजता घेते आणि शेवटच्याला किती वाजता सोडते? तासाभराच्या वर प्रवास असेल तर नाव कितीही मोठं असो, ती शाळा सोडा.

टोकन देऊ नका. महिनाअखेरीची मुदत बिल्डरची आहे, तुमची नाही. पुढच्या वर्षीही म्हाळुंग्यालाच जावंसं वाटलं तर जरूर जा, मुलगी तेव्हा शाळेत जाऊ लागलेली असेल आणि घडी वेगळी असेल. तेव्हा महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासा आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतच घर घ्या.

एक काम मात्र विमानात बसण्याआधी करा. सासूबाईंना फोन करून सरळ विचारा की आठवड्यातले किती दिवस, किती तास त्यांना मुलांजवळ बसायला खरंच जमेल. ‘कोथरूडला या’ म्हणताना त्यांच्या मनात रोज यायचं आहे की अधूनमधून, हे तुमच्या पत्रावरून मला कळलं नाही, आणि कदाचित तुम्हालाही कळलेलं नसेल. गुडघे दुखत असतील तर त्या आपणहून सांगणार नाहीत, सुनेने विचारलं तर सांगतील. त्या दोन दिवस म्हणाल्या तर उरलेल्या तीन दिवसांसाठी घराजवळचं पाळणाघर आत्ताच शोधायला घ्या, जूनमध्ये जागा मिळत नाहीत.