सकाळी थंड असताना बाईक गचके खाते, गरम झाली की नीट चालते, काय बघू?

कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग असलेली) गाडी धरून सांगतो. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून सुरुवातीला मिक्श्चर रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, लागतं, चोक त्यासाठीच असतो, तर आधी बघा चोक ओढल्यावर फरक पडतो का. पडत नसेल तर बऱ्याचदा चोकची केबलच अर्धी अडकलेली असते, मेकॅनिक तिकडे बघतसुद्धा नाही. आणि गाडी चोकवर मस्त पण चोक सोडला की बंद, असं पाच-दहा मिनिटं चालत असेल तर पायलट जेट (कार्बोरेटरमधला कमी स्पीडला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग) चोंदलाय समजा. माझ्या जुन्या १०० सीसीला हेच होतं, जेट उजेडात धरला तर भोकच दिसेना! कार्ब क्लीनर मारून हवेने फुंकला, दुसऱ्या दिवशी हाफ किकमध्ये चालू. तार घालून टोकरू नका, भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलंच. स्पार्क प्लग काढून टोकाचा गॅप बघा, साधारण ०.७ मिमी, काळा काजळी धरलेला असेल तर बदला, शंभर-दीडशेचं काम. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) टाइट असले तरी थंड गाडी त्रास देते.

२०२० नंतरची बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांची) असेल तर बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असतं, त्यांना चोकच नसतो, चावी फिरवून पेट्रोल पंपाचा (टाकीतल्या) आवाज थांबेपर्यंत थांबा, मग स्टार्ट मारा.