पत्त्याचा रकाना

फोंडा, गोवा

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

शिमग्याला तू घरी आलीस तेव्हा बाहेर रोमटामेळाचे ढोल वाजत होते, त्यामुळे तुझ्या प्रश्नाला धड उत्तर देता आलं नाही. "काका, मोठाले पुरस्कार मिळवणारे हे संशोधक सुरुवात कुठून करतात? वाळपईत इंटर्नशिप करणाऱ्या मुलीला त्यातलं काय जमणार?" असं तू विचारलं होतंस. तेव्हापासून ते मनात घोळतंय, म्हणून आज सवडीने लिहायला बसलो.

आधी डॉ. हिंमतराव बावस्करांचं सांगतो, कारण तू आज जिथे उभी आहेस, जवळपास तिथूनच ते निघाले. सत्तरच्या दशकात ते रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर होते. लाल विंचू चावलेली माणसं यायची, त्यात पोरंही असायची, आणि शंभरातली तीस-चाळीस दगावायची. उलटी, दरदरून घाम, थंडगार हातपाय, मग फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस. हे सगळं कोकणातल्या कितीतरी डॉक्टरांनी पाहिलं असेल. बावस्करांनी ते क्रमाने टिपलं: आधी काय होतं, नंतर काय, मरण्याआधी काय. १९८२ मध्ये त्यांचा या लक्षणांवरचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला तो भार पेलवत नाही, हे टिपणांतून उमगल्यावर त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिलं. रक्तवाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. मृत्यू शंभरात एखाद्यावर आले. पुढे महाडातच राहून, पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत त्यांनी हे काम चालू ठेवलं. पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये. वर्षं मोज म्हणजे तुला कळेल.

आता माझं सांगतो. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पणजीत मलेरिया वाढला. जिकडेतिकडे इमारती उभ्या राहत होत्या, स्लॅबवर पाणी धरून ठेवलेलं असायचं, टाक्या उघड्या. ॲनोफिलिस स्टिफेन्सी जातीच्या डासाला असंच स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. मी तेव्हा एका लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या स्लाइड बघायचो. फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीच्या त्या नाजूक अंगठ्या, कधी एकाच लाल पेशीत दोन-दोन, आजही डोळ्यांसमोर येतात. रजिस्टरमध्ये पत्त्याचा रकाना होता. त्यात मी लिहायचो, 'मजूर, पणजी'. रांग मोठी असायची, दुपारपर्यंत मान अवघडायची, आणि बहुतेकांना साइटचं नाव सांगता यायचं नाही. विचारलं असतं तर कुठल्या देवळाजवळ, कुठल्या बसथांब्यामागे, एवढं त्यांनी नक्की सांगितलं असतं. मी विचारलं नाही. काही वर्षांनी एकजण आला. कुठल्या बांधकामावरून किती रुग्ण आले याचा नकाशा त्याला काढायचा होता. मी मोठ्या अभिमानाने कपाट उघडून रजिस्टरं त्याच्यापुढे ठेवली. पानांमागून पानं, 'मजूर, पणजी'. दोन तास बघून, चहा घेऊन तो निघून गेला. स्लाइडी सगळ्या अचूक वाचल्या होत्या गं मी. पण तो नकाशा कधीच झाला नाही.

त्यानंतर इतरांची चरित्रं मी वेगळ्या नजरेने वाचू लागलो. कोलकात्याचे शंभूनाथ डे बघ. कॉलऱ्याचे जंतू विष सोडत असावेत हे रॉबर्ट कॉखने १८८४ मध्येच सुचवलं होतं, पण ते दाखवायचं कसं, यावर दशकं गेली. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि कॉलऱ्याचे जंतू त्यात सोडले. तुकडा पाण्याने फुगला. मग जंतू गाळून काढून नुसता द्रव सोडला, तरी फुगला. १९५९ मध्ये हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. जोशुआ लेडरबर्ग या नोबेलविजेत्या अमेरिकन शास्त्रज्ञाने नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं होतं, पण नोबेल मिळालं नाही, आणि आपल्या देशानेही हयातीत त्यांची म्हणावी तशी कदर केली नाही. ही गोष्ट मला अजून बोचते. तू या वाटेने जाणार असशील तर ती तुला आताच ठाऊक असू दे.

त्याच कॉलऱ्याने १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत माणसं मरत होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबिसांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून पाजायला दिलं. आतड्यातून ग्लुकोज आत जाताना मिठाला सोबत नेतं आणि मिठामागून पाणी जातं. पाजणारे कोण, तर आई, भाऊ, शेजारी. छावणीतले मृत्यू शंभरात तीसवरून चारच्या आत आले. एवढ्या धामधुमीतही मृतांचे आकडे ठेवले गेले, म्हणूनच जगाला ते पटवता आलं. पद्मविभूषण २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा ते हयात नव्हते.

आणि आपल्या गोव्यातलंच उदाहरण हवं असेल तर डॉ. विक्रम पटेल. १९९६ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी 'सांगात' ही संस्था काढली. नैराश्याच्या रुग्णांना डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक मदत करू शकतील का, हे त्यांनी गोव्यातल्या २४ दवाखान्यांत तपासलं, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. सरकारी केंद्रांत फायदा दिसला, खासगीत तसा दिसला नाही. २०१० च्या 'लॅन्सेट'मध्ये दोन्ही गोष्टी छापल्या आहेत. त्यांना २०१९ मध्ये कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार मिळाला, तोही सांगण्यासारखाच, पण तू हा निबंध काढून वाच. मनासारखं न आलेलं कसं मांडतात ते त्यात दिसेल.

पैशांबद्दल तुझ्या बाबांशी मी बोलेन, त्याची चिंता तू करू नकोस. मात्र संख्याशास्त्र आताच शीक. पीजीला गेल्यावर वेळ मिळेल असं सगळ्यांना वाटतं, तो मिळत नाही. आणि रुग्णांची माहिती अभ्यासासाठी वापरायची तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी, मग बाकी सगळं.

त्या दिवशी तू जाता जाता म्हणालीस, सत्तरी तालुक्यातून एकाच आठवड्यात तीन पेशंट आले, तिघांनाही सारखाच ताप. ढोलांच्या आवाजात मी पुढे काही विचारलं नाही. सध्या काजूचा हंगाम आहे, माणसं दिवसभर रानात असतात, आणि सत्तरीत माकडतापाचे रुग्ण २०१५ पासून सापडत आले आहेत. हाच तो आजार, जो १९५७ मध्ये शिवमोग्याच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, गोचिडीतून येणारा. तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर तू हे घातलंसच असेल, नसेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ते कर.

मग मला कळव: ते तिघे कुठल्या वाड्यावरचे? काजूत गेले होते का? अंगावर गोचीड दिसली होती का? त्या बाजूला मेलेलं माकड कुणी पाहिलं होतं का?

तुझा,
काका