बार्टिमियस सुरू करताय? आधी एवढं वाचा

अरे वा, जोनाथन स्ट्राउडची ही बार्टिमियस कादंबरी-मालिका घेतलीस का हातात! मस्त. सगळ्यात आधी, तळटीपा सोडू नकोस, बरेच जण गोष्टीच्या नादात नंतर बघू म्हणतात आणि अर्धी मजा तिथेच घालवतात, कारण गोष्ट सांगणारा हा जिन्न, बार्टिमियस, एकाच वेळी कितीतरी पातळ्यांवर विचार करतो आणि त्याचे खरे टोमणे खालीच असतात. पहिल्याच पानावर खोली गार पडते, पडद्यांवर बर्फ धरतो, तो प्रसंग सावकाश वाच, सगळा सूर तिथेच लागतो.

क्रम असा:
- द अम्युलेट ऑफ समरकंद (2003)
- द गोलेम्स आय (2004)
- टॉलेमीज गेट (2005)

द रिंग ऑफ सॉलोमन 2010 ची, कथा जुन्या काळातली म्हणून लोक तिथूनच सुरू करतात, नको करूस, आधी ही तिन्ही होऊ देत.

नथॅनियलचा, म्हणजे बार्टिमियसला बोलावणाऱ्या त्या पोरसवदा जादूगाराचा, राग येईल, दुसऱ्या भागात तर फारच. पण म्हणून मध्येच सोडू नकोस, तिथेच किटीला, म्हणजे जादूगारांविरुद्ध उभ्या राहणाऱ्या मुलीला, स्वतःची प्रकरणं मिळतात आणि मला तर ती सगळ्यात जास्त आवडते. आणि प्लीज, शेवट नेटवर शोधू नकोस. तिसरं संपलं की लगेच सांग, मला खूप बोलायचंय त्यावर!