नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे : पुरानंतरची प्रश्नोत्तरे

गोव्यातल्या साखळीत वाळवंटी नदी चढली की मदतीला माणसे धावतात. पाणी ओसरल्यावर येणारे प्रश्न मात्र दर पावसाळ्यात तेच, आणि बरेचसे ऐकीव गोष्टींतून निघालेले. मदत पथकात वर्षानुवर्षे जे सांगत आलो, तेच इथे लिहितो.

प्रश्न : दुकानात गुडघाभर गाळ आहे. स्वयंसेवक फावडी घेऊन आलेत, पण शेजारी म्हणतात, पंचनाम्याआधी काडीही हलवू नका. (साखळी)

तलाठ्याची वाट पाहत गाळ कुजवू नका. भिंतीवरची पाण्याची रेघ आणि खराब झालेला माल यांचे फोटो काढा, यादी करा, मामलेदार कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या, मग फावडे लावा. माल फेकण्याआधी तलाठ्याला आणि विमा असल्यास विमा कंपनीला विचारा. चांगली संस्था हे कागद तुमच्याबरोबर बसून भरते. चादरी वाटण्याइतकेच ते मोलाचे काम आहे.

प्रश्न : सोसायटीत जुन्या कपड्यांची गाठोडी जमलीत. कुठे पाठवू? (म्हापसा)

कुठेही नको, आधी गावात काम करणाऱ्या संस्थेला फोन करून काय हवे ते विचारा.

प्रश्न : विहिरीत पुराचे पाणी शिरले होते. तुरटी फिरवली, आता तळ दिसतो. वाड्यावरचे म्हणतात, जिवंत झऱ्याची विहीर आपोआप शुद्ध होते. संस्थेची मुले म्हणतात, पिऊ नका. खरे कोणाचे? (सत्तरी)

मुलांचे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी नितळ दिसले की घर निर्धास्त होते आणि जुलाब, कावीळ, विषमज्वर तिथूनच आत येतात. झरा जिवंत असेलही, पण पुरात संडासाच्या टाक्या आणि गोठे त्याच पाण्यात मिसळलेले असतात.

दुसरी चूक उतावळेपणाची. पूर ओसरल्या दिवशीच पंप लावून विहीर कोरडी करतात. तेव्हा भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब असते. आतल्या पाण्याचा आधार गेला की चिऱ्यांचे बांधकाम आत ढासळते. भूजल खाली जाऊ द्या, मग हळूहळू उपसा. डिझेलचा पंप विहिरीच्या आत कधीही उतरवायचा नाही. त्याच्या धुराने खाली गेलेला माणूस गुदमरून मरतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही.

तिसरे, ब्लीचिंग पावडर. ‘दोन मुठी टाका’ हे माप नव्हे! ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल, तर ते साधारण २१,००० लिटर भरते. एरवी १,००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे इथे ५०-५५ ग्रॅम लागते. पुराच्या पाण्याला एवढी पुरत नाही; नेमकी किती, ते पाण्याची चाचणी करून ठरवायचे. ते आरोग्य केंद्राच्या माणसाकडून करून घ्या. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचे पाणी विहिरीत सोडून ढवळायचे, तासभर थांबायचे आणि लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरला आहे का ते पाहायचे. उरला नसेल तर पुन्हा. गेल्या वर्षीचे उघडे पोते वापरू नका. दमट हवेत त्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो.

पाण्याला डिझेलचा किंवा कीटकनाशकाचा वास येत असेल, तर क्लोरीनही निरुपयोगी आणि उकळणेही. अशा वेळी प्रयोगशाळेशिवाय कुणाचे ऐकू नका. ‘पूरग्रस्तांसाठी खास सवलत’ म्हणत दारात शुद्धीकरण यंत्र विकायला येणाऱ्याचे तर नाहीच. संकटात सापडलेल्या घराच्या भीतीवर चालणारा हा धंदा मला सहन होत नाही. तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत टँकरचे पाणी उकळून प्या.

प्रश्न : एका विक्रेत्याने आमच्या मंडळाला बाळांच्या दूध पावडरीचे डबे फुकट देऊ केलेत. बदल्यात फलकावर त्याचे नाव लावायचे आहे. (फोंडा)

घेऊ नका. १९९२ च्या कायद्याने अनाथालय सोडून कुणालाही असे डबे किंवा दुधाच्या बाटल्या दान करायला मनाई आहे. दूषित पाण्यात कालवलेली पावडर बाळाच्या जिवावर बेतते. अंगावर पाजणाऱ्या आईला पोटभर जेवण आणि आडोशाचा कोपरा द्या. आईचे दूध मिळतच नसेल, तर बाळाला डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : गाळ उपसून आलो. मित्राने लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणारा ताप) गोळ्या दिल्या. घेऊ का? (डिचोली)

मित्राच्या हातून नको, डॉक्टरांना विचारून घ्या. गरोदर बाई आणि लहान मुलांना त्या गोळ्या सरसकट चालत नाहीत. ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि गाळात काम केल्याचे आपणहून सांगा.

प्रश्न : घर मातीच्या भिंतींचे, पण उभे आहे. राहायला जाऊ का? संस्था नवे बांधून देईल का? (काणकोण)

इतक्यात जाऊ नका. २ ऑक्टोबर २००९ चा पूर तुमच्या तालुक्याने पाहिला आहे. घर वाहून गेले नाही म्हणजे वाचले, असे समजू नका. भिजलेली मातीची भिंत आतून सुटत जाते आणि पाणी ओसरल्यावरही, ऊन पडलेले असताना, अचानक बसते. आधी अभियंत्याला भिंती आणि पाया दाखवा, वीज खात्याकडून जोडणी तपासून घ्या. अख्खे घर बांधून देणे बहुतेक संस्थांच्या आवाक्याबाहेरचे असते. पत्रे, चिरे, मजुरी, सरकारी अर्जाची धावपळ यांत त्या हात देतात. नेमके काय देणार आणि किती महिने येत राहणार, हे त्यांना पंचायतीसमोर विचारा. आणि अर्ज आजच मामलेदाराकडे द्या.