तीन वर्षांच्या मुलासाठी कुत्र्यांवरची यमकातली चित्रपुस्तकं कोणती घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की मुलगा तीन वर्षांचा आहे, रस्त्यात कुत्रा दिसला की जागचा हलत नाही, आणि इंग्रजी पुस्तक आणलं तर मराठीत अर्थ सांगत वाचायचं का. मी कोथरूडला आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी छोट्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवते, त्या अनुभवावरून सांगते, यमकातलं पुस्तक असेल तर अर्थ सांगत बसू नका, आहे तसं वाचा.

कारण सगळी गंमत ओळीच्या शेवटच्या शब्दात असते. ओळ म्हणत यायचं आणि त्या शब्दाच्या आधी थांबायचं, पानाचा कोपरा चिमटीत धरून ठेवायचा पण उलटायचं नाही. आमच्याकडे एक अडीच वर्षांची मुलगी येते, अजून धड वाक्य बोलत नाही, पण मी थांबले की आधी माझ्या तोंडाकडे बघते, मग चित्राकडे, आणि तो शब्द जोरात म्हणून स्वतःच पान उलटते. मध्येच ‘म्हणजे बरं का’ म्हणून अर्थ सांगायला गेलं की हे सगळं जातं. चित्र समोर असतंच की, अर्थ त्यातून कळतो.

पुस्तक म्हणाल तर माझी पहिली पसंती लिनली डॉड यांच्या ‘हेअरी मॅक्लेरी फ्रॉम डोनाल्डसन्स डेअरी’ला. न्यूझीलंडचं आहे, 1983 सालचं, चित्रंही त्यांचीच. एक झिपरा काळा कुत्रा फिरायला निघतो, वाटेत एकेक कुत्रा येऊन मिळतो, आणि प्रत्येकाच्या नावाचं त्याच्या रूपाशी यमक जुळतं, दर वेळी आधीची नावं परत म्हणायची. शेवटी एक दांडगा बोका सगळ्यांना घरी पळवून लावतो. (तिकडे डेअरी म्हणजे नाक्यावरचं किराणा दुकान, मला आधी चितळेंसारखी दुधाची वाटलेली.) आता हे मराठीत सांगून बघा, नावांची यमकंच गेली तर काय उरतं, सहा कुत्रे आणि एक बोका.

मराठीत फक्त कुत्र्यांवरचं आणि यमकातलं असं मला फार कमी सापडलं. विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ घ्याच, प्राण्यांच्या कविता आहेत आणि म्हणायला फार छान. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, तिथे वाचनाच्या पहिल्या पातळीपासून सुरू करा. विकत घ्यायचं असेल तर ऑनलाइन मागवू नका, पुण्यात अप्पा बळवंत चौकात जा आणि पुस्तकांच्या दुकानात उभं राहून दोन पानं मोठ्याने वाचा, जीभ अडखळली तर ठेवून द्या. ‘कुत्रा’ला ‘मित्रा’ जुळवून पुढे काहीही भरलेली पुस्तकं बरीच असतात.

आणि खरं सांगू का, आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचलं जातं ते आम्ही केलेलं पुस्तक. चाळीस पानी वही, त्यात आमच्या गेटवरचा मोती. पावसाळ्यात तो पार्किंगच्या पत्र्याखाली झोपतो, त्यावरून मुलांबरोबर टाळ्या वाजवत वाजवत हे झालं:

पाऊस पडला पत्र्यावर,
थेंब टपकला कुत्र्यावर!
कुत्रा म्हणतो भू भू भू,
भिजलो मी अन् कोरडा तू!

‘कुत्र्यावर’च्या आधी थांबून बघा काय होतं ते. तुमच्या गल्लीतला कुत्रा घ्या, त्याचं नाव घ्या, चित्र कसंही काढा.

फक्त एक लक्षात ठेवा, चित्रांच्या पुस्तकात पोरं सर्रास कुत्र्याच्या गळ्यात पडलेली असतात, ते बघून मुलगा खऱ्या कुत्र्याजवळ धावेल. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लं जवळ असलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही हे आम्ही वहीतच एका पानावर घेतलंय. मोतीच्या डाव्या कानाला खाच आहे, नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्यांना खुणेसाठी तशी करतात. माझ्या चित्रात ती राहून गेली होती, तर एका चार वर्षांच्या मुलाने खडू घेतला, कानाचा तेवढा तुकडा काळा करून टाकला आणि म्हणाला, आता हा मोती आहे.